दर्शनाहून येईपर्यंत बरी झालेली गाडी

शेगावात गुरुवारी किंवा सुटीच्या दिवशी पार्किंगमधून नुसत्या नंबरप्लेट वाचत फिरलं तरी अर्धा महाराष्ट्र पाहून होतो. एमएच-२८ आपल्या बुलढाण्याची, एमएच-३० शेजारच्या अकोल्याची, मग अमरावती, जळगाव, नाशिक, पुणे. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला तर गाडी लावायला जागा मिळणं हेच पहिलं दर्शन. लांबून येणाऱ्या बऱ्याच गाड्या मुंबई-कोलकाता महामार्ग धरतात आणि खामगाव किंवा बाळापूरच्या बाजूनं आत वळतात. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना त्यातली एखादी वाटेत बंद पडते.

पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. बॉनेट उघडलं जातं, मागच्या गाडीतले मामा उतरून बॅटरीचे टर्मिनल हलवून बघतात, कुणीतरी रेडिएटरमध्ये पाणी आहे का विचारतं. वीस मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी पहिल्या झटक्यात सुरू. शेगाव गाठल्यावर ती गॅरेजसमोर लावायची आणि मंडळी दर्शनबारीत. दर्शन, महाप्रसाद, मग कचोरी, तीन तास सहज जातात. तेवढ्या वेळात वायरमननं पाच-सहा वेळा सेल्फ मारलेला असतो आणि गाडी दरवेळी सुरू झालेली असते.

‘भाऊ, गाडीले काहीच नाही झालं. मस्त चालते.’

‘अहो दादा, पण बंद पडली होती ना!’

‘आता तं चालू हाये.’

दोघंही खरं बोलत असतात. महाराजांची कृपा झाली असं कुणी म्हटलं, तर त्याला विरोध करणारा मी कोण? पण परतीच्या वाटेवर इंजिन पुन्हा तापणार आहे, आणि कृपा झालेल्या गाडीतला तडा आहे तिथेच आहे.

अधूनमधून येणाऱ्या विजेच्या फॉल्टला गाडीवाले ‘लहरी’ म्हणतात. मला ते पटत नाही. लहर माणसाला असते. तारेला, कपलरला, रिलेला एखादी अट असते: इतकी उष्णता, इतका ओलावा, इतका हादरा, इतका करंट. अट पुरी झाली की फॉल्ट हजर, सरली की गायब. गॅरेजात नेमकी ती अट पोचत नाही. गाडी पोचते, मालक पोचतो, उष्णता मात्र दर्शनबारीच्या वेळात उडून जाते. म्हणून अशा फॉल्टचं निदान करायचं म्हणजे पार्ट शोधण्याआधी ती अट शोधायची आणि ती गॅरेजात उभी करायची.

उष्णतेपासूनच सुरू करू, कारण या भागात तिची वानवा नाही. इंजिनाच्या फ्लायव्हीलपाशी किंवा पुलीजवळ क्रँक सेन्सर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा बसवलेला असतो. फिरणाऱ्या चाकाचे दात तो मोजतो आणि पिस्टन या क्षणी कुठे आहे ते गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, कळवत राहतो. त्याचा संकेत थांबला की ईसीएमला वाटतं इंजिनच थांबलं, आणि ते इंधन तोडतं. अनेक गाड्यांत या सेन्सरच्या पोटात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिला कुठे सूक्ष्म तडा गेला, तर थंडपणी दोन्ही टोकं टेकलेली असतात. इंजिन तापलं की धातू आणि भोवतीचं प्लॅस्टिक वेगवेगळ्या मापानं फुगतात, टोकं सुटतात आणि गाडी मरते. निवली की टोकं पुन्हा भेटतात.

रिलेच्या आतल्या झाळणीचंही तेच. एक अंश तापमान वाढलं की तांबं लांबीच्या दहा लाखांत सतरा भाग वाढतं, शिसं-कथलाची झाळण चोवीसच्या आसपास. फरक नगण्य वाटतो. पण रोज सकाळी थंड, दुपारी तापलेली, रात्री पुन्हा थंड अशी दहा वर्षं काढल्यावर पिनेभोवतीच्या झाळणीत गोल चीर पडते. ती भिंगाखालीच दिसते. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या होंडा गाड्यांचा मेन रिले यासाठी जगभरच्या गॅरेजांत प्रसिद्ध होता: उन्हात उभी केलेली गाडी सुरू होत नाही, काचा खाली करून थोडा वेळ थांबलं की होते. इलाज काय, तर रिले उघडून ती पिन नव्यानं झाळायची. पाच मिनिटांचं काम. ते सापडेपर्यंत पेट्रोल पंप, प्लग, बॅटरी असं काय काय बदलून झालेलं असे.

अमेरिकेत याच स्वभावाच्या एका तुकड्यावरून मोठा खटला झाला. फोर्डनं १९८३ पासून पुढे अनेक मॉडेलांत इग्निशनचं मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्यूटरवर, म्हणजे तापत्या इंजिनाच्या अंगावरच बसवलं. ते तापून गाडी चालता चालता बंद पडे आणि निवल्यावर सुरू होई. गॅरेजात नेली की काहीच सापडत नसे. तक्रारी वर्षानुवर्षं साठत गेल्या आणि मालकांनी मिळून दावा लावला. २००० साली कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीचे न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी कंपनीनं धोका दडवल्याचा ठपका ठेवला. २००१ मध्ये तडजोड झाली. गाडी निवल्यावर सुरू होते, हा अनुभव दावेदारांपैकी प्रत्येकाला एकेकट्यानं आला असावा आणि प्रत्येकाला आपलीच गाडी विचित्र वाटली असावी.

इथे जुन्या ड्रायव्हरांना एक आठवण होईल. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात उन्हाळ्यात गाडी बंद पडली की पेट्रोल पंपावर ओला फडका टाकायचा, आणि गाडी चालायची. पण तो फॉल्ट विजेचा नव्हताच. नळीत पेट्रोलची वाफ धरायची आणि पंप ती ओढू शकायचा नाही. लक्षण तेच, कारण भलतंच. म्हणून बंद पडलेल्या पेट्रोल गाडीपाशी रस्त्यावरच पहिले दोन प्रश्न विचारायचे असतात: ठिणगी पडते का, आणि पेट्रोल येतं का. ओला फडका मात्र आजही उपयोगी आहे. गाडी गरम होऊन मेली की संशयित तुकड्यांपैकी एकावरच तो धरायचा आणि सेल्फ मारायचा. सगळ्यांवर एकदम पाणी ओतलं तर गाडी सुरू होईल, पण कुणामुळे ते कधीच कळणार नाही. गॅरेजात हेच उलट करायचं: केस वाळवायच्या ड्रायरनं एकेक तुकडा तापवायचा आणि कोणाशी गाडी मरते ते पाहायचं. ड्रायर हे निदानाचं हत्यार आहे यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, ही वेगळी अडचण.

शेगावला दुसरी एक गोष्ट आहे, जी पुण्या-नाशिकच्या गाडीवाल्याच्या ध्यानीमनी नसते: पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे, आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे आपल्या जिल्ह्यातले तालुके त्यात येतात. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी इथल्या शेतीचं आणि माणसांच्या मूत्रपिंडांचं काय केलं, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. गाड्यांबद्दल कुणी लिहीत नाही. पण त्याच पाण्यानं प्रेशर मारून गाडी धुतली, की ते कपलरच्या रबरी सीलमधून आत शिरतं, वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. पावसाळी हवेत मीठ पुन्हा ओल धरतं. मग पिनांवर हिरवट पूड चढते आणि वायरच्या आवरणाखालून ती ओल तंतूंमधून पुढे सरकत जाते. बाहेरून वायर नवी दिसते. सोलली तर आतलं तांबं काळं पडलेलं.

याचा पहिला बळी अर्थ. गाडीत बॅटरीच्या प्लसपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वायर जाते, पण परतीची वायर बहुतेक ठिकाणी नसतेच. गाडीचा पत्राच परतीची वाट असतो. ठिकठिकाणी काळी वायर बोल्टनं पत्र्याला जोडलेली असते. त्या बोल्टखाली गंज आला की करंट थांबत नाही, तो दुसरी वाट धरतो, आणि मग विचित्र गोष्टी दिसू लागतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर नाचतो. हेडलाइट लावल्या की म्युझिक सिस्टीम बंद. मालक तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या सांगतो आणि तीन पार्ट बदलले जातात.

मागच्या दिव्याचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर या तिघांची परतीची वायर एकच. ती तुटली की ब्रेकच्या बल्बमधून निघालेला करंट पत्र्यापर्यंत जाऊ शकत नाही. मग तो पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरनं दुसऱ्या बाजूच्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थवरून घरी पोचतो. वाटेत दोन-तीन बल्ब लागल्यामुळे सगळेच मंद. ज्याला हे एकदा कळलं, तो मंद पेटलेला नको तो दिवा पाहून बल्बला हातही लावत नाही, सरळ काळ्या वायरीकडे जातो.

आणि इथेच मल्टिमीटर फसवतो. वायरीचे सगळे तंतू तुटून एकच उरला, तरी कंटिन्युइटीला मीटर आनंदानं वाजतो, कारण तपासताना तो काही मिलिअँपिअरच सोडतो. ५५ वॅटच्या हेडलाइटला साडेचार अँपिअर लागतात. ते त्या एका तंतूला झेपत नाहीत. सेल्फचं तर विचारूच नका. तो दीडशे अँपिअर ओढत असेल आणि वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच जळतात. म्हणून जाणता वायरमन ओहम मोजत बसत नाही. काम चालू असताना व्होल्ट कुठे हरवतात ते मोजतो. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. पाव व्होल्टाच्या आत आलं तर ठीक. अर्धा-पाऊण दिसला तर बॅटरी बदलायला आलेल्या माणसाला परत पाठवायला हरकत नाही.

पाण्यासारखाच हादरा. वाट खड्ड्यांची असेल तर मालक सांगतो, ‘फाट्याजवळ आलो की मीटरचे दिवे जातात.’ फाट्याचा दोष नाही, तिथल्या गतिरोधकाचा आहे. इंजिन चालू ठेवून हार्नेस वीतभर-वीतभर हलवत जायचं, कपलर बोटानं टिचकावत जायचं आणि कुठे इंजिन अडखळतं ते ऐकायचं. फ्यूज अधूनमधून उडत असेल, तर त्याच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडायचा. वायर कुठे पत्र्याला टेकली तर फ्यूज जळून जातो आणि पुरावा संपतो. बल्ब मात्र नुसता लख्ख पेटतो आणि वायर सुटताच पुन्हा मंद होतो. आता वायरी हलवत जा, बल्ब स्वतः जागा सांगेल. दहा फ्यूज जाळण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

टिचकावण्याआधी मात्र एक पाहावं: गाडीत नंतर कुणाचा हात फिरला आहे का? माझा अनुभव आणि माझा पूर्वग्रह, दोन्ही सांगतात की कंपनीनं ओढलेली वायर स्वतःहून क्वचित तुटते. नंतर लावलेला मोठा हॉर्न, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस, डॅशबोर्डवरच्या मूर्तीमागचा रंगीत दिवा यांच्यासाठी कुणीतरी मूळ वायर सोललेली असते, दोन टोकं पिळलेली असतात आणि वर काळी टेप. दोन उन्हाळ्यांत टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, आणि पिळलेलं तांबं उघडं पडतं. दुसरा हात उंदराचा. अमेरिकेत काही मालकांनी गाडीकंपन्यांवर दावे केले की वायरीच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला पदार्थ असल्यानं उंदीर ती खातात. होंडा तर तिखटाचा अर्क लावलेली टेपच विकते. आपल्याकडे शेजारच्या खोलीत सोयाबीनची पोती रचलेली असताना उंदीर वायर का खातो, हे त्या वकिलांना विचारायला हवं. खरं कारण बहुधा साधं आहे: त्याचे दात वाढत राहतात आणि इंजिन रात्री उबदार असतं.

भक्तनिवासात दोन मुक्काम करून निघताना बॅटरी उतरलेली आढळते, तो प्रकार आणखी वेगळा. बंद गाडीनं पन्नास मिलिअँपिअरच्या आत राहावं असा सर्वसाधारण दंडक. डिकीचा पाच वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही पेटत राहिला, तर तो एकटाच याच्या आठपट खातो. आणि मोजायला दार उघडलं की गाडीतले सगळे संगणक जागे होतात. ते पुन्हा झोपायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गप्प बसायची तयारी नसेल, तर मीटरवरचा आकडा खरा नसतो.

१९८३ हे साल शेगावकरांना दोन कारणांनी लक्षात ठेवता येईल. श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षी सुरू झालं, आणि डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. त्या मारुतीत कार्ब्युरेटर होता. टेस्ट लॅम्प आणि पक्कड एवढ्यावर तिची वायरिंग उलगडायची. आज साध्या हॅचबॅकमध्येही अनेक छोटे संगणक दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. ही कॅन नावाची व्यवस्था बॉशनं १९८६ मध्ये मांडली. बॅटरी काढून त्या दोन तारांमध्ये मोजलं तर साठ ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना एकशेवीसचा एकेक रेझिस्टर असतो. एकशेवीस दिसले तर कुठेतरी एक टोक सुटलं आहे. इतकं सुबक निदान जुन्या गाडीत नव्हतं, हे मान्य करायला हवं.

पण स्कॅनरनं एक नवा घोटाळा आणला. पी०३३५ असा कोड आला की क्रँक सेन्सर मागवला जातो. कोड सेन्सरबद्दल नसतो, त्याच्या सर्किटबद्दल असतो. त्यात सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, अर्थ आहे आणि ईसीएमही आहे. खरी किंमत कोडच्या शेजारी साठवलेल्या माहितीला. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती फेरे घेत होतं, गाडीचा वेग काय, हे ईसीएम टिपून ठेवतं. म्हणजे आपण शोधत असलेली अट तिथे लिहून ठेवलेली असते. आणि आपले लोक काय करतात? रस्त्यावर बॅटरीचा टर्मिनल काढून दहा मिनिटांनी लावतात, ‘रीसेट’ करतात. चेक इंजिनचा दिवा जातो. अनेक गाड्यांत साक्षही पुसली जाते.

साक्ष न वाचल्यानं काय होतं त्याचं सर्वांत भयंकर उदाहरण जनरल मोटर्सचं. कोबाल्टसारख्या त्यांच्या छोट्या गाड्यांत इग्निशनचा स्विच ढिला होता. गुडघा लागला, जड किल्ल्यांचा जुडगा लोंबकळला किंवा खड्डा आला की चालत्या गाडीत चावी मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगही बंद. गाडी बाजूला घेऊन चावी फिरवली की सगळं सुरळीत. कंपनीच्या कागदांत ही तक्रार बराच काळ ग्राहकाच्या सोयीची बाब म्हणून नोंदली गेली, सुरक्षेची म्हणून नव्हे. २००७ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका पोलिसानं अपघाताच्या अहवालात लिहिलं होतं की स्विच चालू स्थितीत नसल्यामुळे एअरबॅग उघडल्या नसाव्यात. अभियंत्यांना जे जुळवायला वर्षं लागली, ते त्यानं जुन्या तक्रारी वाचून जुळवलं होतं.

कोडं सुटलं ते एका मृत तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलानं नेमलेल्या अभियंत्याकडून. फ्लोरिडाच्या मार्क हूड यांनी अपघातातल्या गाडीचा स्विच तपासला, पण त्यात तुटलेलं काही नव्हतं. मग त्यांनी दुकानातून तीसेक डॉलरला तोच स्विच नवा आणला आणि दोन्ही शेजारी ठेवून मोजले. नव्यातली खुंटी १.६ मिलिमीटरनं लांब होती. कंपनीनं २००६ मध्ये भाग गुपचूप सुधारला होता आणि पार्ट नंबर तोच ठेवला होता. म्हणून कागदोपत्री जुना आणि नवा यांत फरक दिसतच नव्हता. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईच्या निधीनं १२४ मृत्यू मान्य केले. चांगला नमुना शेजारी ठेवून मोजणं ही काही प्रयोगशाळेची विद्या नाही. शेगावातल्या कोणत्याही गॅरेजात तसल्याच दुसऱ्या गाडीचा रिले काढून लावून बघतात, ती तीच रीत. हूड यांनी फक्त मोजपट्टी लावली.

तरीही वायरमन पार्ट बदलत का सुटतो? कारण गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं. नवा सेन्सर डब्यातून काढून दाखवला की अडीच हजार निघतात. ‘तीन तास शोधलं, एक पिन ढिली होती, ती घट्ट केली’ असं सांगितलं, तर शंभराची नोट पुढे येते आणि वर ‘एवढंच होतं?’ हा प्रश्न. मग तीन तास शोधेल कोण? परगावच्या गाडीचं तर आणखी अवघड. ती संध्याकाळी जाणार, पुन्हा येणार नाही, आणि वाटेत बंद पडली तर शेगावच्या वायरमनचं नाव निघणार. अशा वेळी त्यानं सेन्सर बदलून मोकळं होणं हा मला आळस वाटत नाही. तो गिऱ्हाइकानं लावलेला नियम आहे.

गाडीवाल्याच्या हातात मात्र बरंच आहे. बंद पडताच टर्मिनल न काढता मोबाइलवर मीटरचे दिवे टिपावेत. सेल्फ फिरतो पण गाडी धरत नाही, की सेल्फच फिरत नाही, हे नीट बघून ठेवावं. दोन्हीचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. किती वेळ चालल्यावर, एसी होता का, आदल्या दिवशी धुतली होती का, गेल्या महिन्यात काय नवं बसवलं, हे न लाजता सांगावं. आणि दर्शनाची घाई नसेल, तर गाडी गॅरेजसमोर निवत ठेवण्याऐवजी वायरमनला मीटरसकट शेजारी बसवून भर दुपारी खामगावपर्यंत जाऊन यावं, एसी पूर्ण लावून. गाडी त्या पस्तीसेक किलोमीटरांत बंद पडली तर निम्मं काम झालं. पेट्रोल कुणाचं आणि त्याच्या दोन तासांचे किती, एवढं निघण्याआधी बोलून घ्यावं.